खरा आहे का हा?

डेन्व्हरमधल्या एका जुन्या विटांच्या घरात, भिंतीवरच्या एका फोटोपुढे उभी राहून मी हा प्रश्न विचारला आणि विचारल्या विचारल्या जीभ चावली. फोटोत एक माणूस घोड्यावर बसलेला. रुंद कडांची टोपी, गळ्यात रुमाल, पँटवरून चढवलेलं जाड चामडं, खोगिराला अडकवलेला दोर. चेहरा काळा. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा काउबॉय आहे, की फोटोपुरते कपडे चढवलेला कुणी हौशी. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून आपण फोटो काढून घेतो, तसा. संग्रहालयातल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दोरीनं गळ्यात लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाल्या, "हनी, दुसरं कोण असणार तो?" आवाजात राग नव्हता. हा प्रश्न त्यांना रोजचाच असावा, आणि मला तेच जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी टोप्यावाल्या माणसांचे शंभरेक फोटो पाहिले होते. फ्रीज मॅग्नेटवर, हॉटेलच्या लॉबीत, मुलाच्या बँकेनं पाठवलेल्या कॅलेंडरवर. एकालाही मी "खरा का रे तू?" असं विचारलं नव्हतं.

मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईला अमेरिका कशी दाखवतात हे आता सगळ्यांना पाठ आहे. डोंगर दाखवून झाले होते, तळी दाखवून झाली होती, लाल खडकांमधलं ते उघडं नाट्यगृह दाखवून झालं होतं. पाच हजार दोनशे ऐंशी फुटांवरच्या त्या कोरड्या हवेनं माझे ओठ फुटले होते आणि सकाळी शिंकरलं की रुमालाला रक्त लागायचं. सून तूप लावायला सांगत होती. म्हणजे मीच तिला एकदा सांगितलेलं ती मला परत सांगत होती. मुलगा म्हणाला, "आई, फाइव्ह पॉइंट्सला काय आहे बघण्यासारखं? शनिवारी आपण एस्टिस पार्कला जाऊ ना." पण मला एकदा तरी एकटीनं कुठेतरी जायचं होतं. वेल्टन स्ट्रीटवरून जाणारी लाइट रेल शेवटच्या स्टेशनला सोडते, तिथून दोन पावलांवर, फाइव्ह पॉइंट्स वस्तीत, ते घर, म्हणजे पश्चिमेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचं ब्लॅक अमेरिकन वेस्ट म्युझियम, हे मी नकाशात बघून ठेवलं होतं. त्या घराबद्दल मला फार कळवळा होता असं नाही. चुकायची भीती नसलेलं ठिकाण होतं, इतकंच.

वेल्टन स्ट्रीटवर सकाळी भाजलेल्या कॉफीचा वास होता. एका बाजूला काचेच्या नव्याकोऱ्या इमारती, त्यांच्या गच्च्यांवर बार्बेक्यूच्या शेगड्या, आणि मध्येच एखादं विटांचं बसकं घर, तुळईला टेकू दिल्यासारखं उभं. रोसोनियन हॉटेलची त्रिकोणी इमारत लागली. ड्यूक एलिंग्टनसारखे काळे जॅझ वादक इथे वाजवून गेले. शहराच्या मुख्य भागातल्या हॉटेलांना त्यांचं वादन चालायचं, मुक्काम चालायचा नाही, म्हणून रात्रीची खरी मैफल इथे रंगायची. न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या प्रसिद्ध वस्तीवरून या वस्तीला एके काळी पश्चिमेचं हार्लेम म्हणत. आता कॉफीच्या दुकानातली बहुतेक गिऱ्हाइकं गोरी होती, लॅपटॉप उघडून बसलेली. पुण्यात नाना पेठेतल्या वाड्यांच्या जागी टॉवर उठताना पाहिलेत, त्यामुळे मला हे अनोळखी वाटलं नाही.

माझ्या डोक्यातला काउबॉय आला कुठून, याचा विचार मी परतीच्या गाडीत करत होते. साताऱ्यात कॉलेजला असताना रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाचा कमी दराचा खेळ असायचा. संवाद एकही कळायचा नाही. धूळ, घोडा, दाराची दोन झापं ढकलून आत येणारा उंच माणूस, एवढं कळायचं. तो माणूस नेहमी गोरा. काळा माणूस त्या गावात नसायचाच. न्हावी नाही, लोहार नाही, गुराखी तर नाहीच नाही. प्रत्यक्षात त्या गुरं हाकणाऱ्यांत अंदाजे चारातला एक काळा होता असं इतिहासकार मानतात, आणि नीट विचार केला तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. टेक्ससमध्ये यादवी युद्धाच्या काळात मालक लढायला गेले, मागे रानोमाळ वाढलेली गुरं गुलामांनीच सांभाळली. 1865 नंतर गुलामी संपली तेव्हा या माणसांजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता, पण बिथरलेल्या बैलाला दोर टाकून आडवा कसा करायचा हे हातांना ठाऊक होतं. उत्तरेकडच्या रेल्वेपर्यंत हजारो गुरं चालवत न्यायला माणसं हवी होती. रात्री पाऊस पडत असताना कळपाभोवती गाणं म्हणत घिरट्या घालणाऱ्याच्या कातडीचा रंग कुणाला दिसतो?

नंतर सिनेमावाल्यांना दिसला, एवढंच.

हे संग्रहालय काढणारे पॉल स्टुअर्ट हे इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. ते न्हावी होते. आयोवातल्या क्लिंटन गावी 1925 साली जन्मले. लहानपणी गोऱ्या मित्रांबरोबर काउबॉय आणि इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, असा खेळ चालायचा, त्यात यांना कायम इंडियन व्हावं लागे, कारण काळा काउबॉय नसतोच असं पोरांनी ठरवून टाकलेलं. वाईट म्हणजे यांनाही ते पटलेलं. मोठेपणी डेन्व्हरला आले असताना रस्त्यात एक काळा माणूस दिसला. टोपी, बूट, टाचांना काटे, सगळा साज. बरोबरच्या भावाला हे म्हणाले, कोण रे हा सोंग घेतलेला? भावानं सांगितलं, सोंग नाही, हा खराच गुरं राखणारा माणूस आहे, याचं स्वतःचं कुरण होतं. ही हकीगत मला त्या चष्मेवाल्या बाईंनी सांगितली, माझा प्रश्न ऐकल्यावर साधारण पाच मिनिटांनी, आणि सांगताना माझ्या दंडाला हलकेच हात लावला. म्हणजे संग्रहालय काढणाऱ्याचीही सुरुवात माझ्याच प्रश्नापासून झाली होती. मला जरा हायसं वाटलं. पण लगेच असंही वाटलं की त्यांनी त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी उभं आयुष्य घातलं आणि मी साडेतीनची गाडी पकडणार आहे.

स्टुअर्टनी डेन्व्हरमध्ये दुकान थाटलं आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात ठेवता ठेवता विचारायला लागले. तुम्ही कुठले? वडील काय करायचे? आजोबा इकडे कशाला आले? कुणी सांगे, आजोबा घोडे माणसाळवायचे. कुणी म्हणे, आमची आजी खाणीच्या गावात खाणावळ चालवायची. मग हे टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जात, फोटो मागत, कुणी जुनं खोगीर देई, कुणी पत्र. त्यातून 1971 साली संग्रहालय उभं राहिलं. मला त्यांची ही रीत फारच आवडली. आमच्या गावात न्हाव्याला माहीत नाही अशी गोष्ट नसायची. कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाची भावकी तुटलीय, कुणाच्या विहिरीला पाणी लागलंय. गळ्याभोवती फडकं, हनुवटीखाली वस्तरा, अशा अवस्थेत माणूस उठूनही जाऊ शकत नाही आणि खोटंही फार बोलत नाही. पुराभिलेखागारात जे कधीच गेलं नसतं ते तिथल्या खुर्चीवर आपोआप सांडतं. फरक एवढाच की आमच्याकडचं ते केसांबरोबर झाडून काढलं गेलं.

नाव आणि चेहरा यांची गाठ मारून ठेवणारं कुणी नसलं की काय होतं, याची एक गंमतशीर गोष्ट आहे. बिल पिकेट नावाचा टेक्ससचा काउबॉय घोड्यावरून धावत्या बैलावर झेप टाकायचा, शिंगं धरून मान पिरगाळायचा आणि बैलाच्या ओठाला चक्क दातांनी धरून त्याला लोळवायचा. गुरं वळवणाऱ्या कुत्र्यांकडून तो हे शिकला असं सांगतात. आज रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या सामन्यांत, बैलाला हातानं लोळवण्याचा जो प्रकार असतो तो याच्यापासून सुरू झाला. 1932 साली तो वारला आणि 1971 साली, म्हणजे स्टुअर्टनी संग्रहालय काढलं त्याच वर्षी, रोडिओच्या मानकऱ्यांत त्याचं नाव लागलं. असा मान मिळालेला तो पहिला काळा माणूस. पुढे अमेरिकेच्या टपाल खात्यानं 1994 साली पश्चिमेतल्या नामवंतांचे तिकीट काढले, त्यात बिल पिकेटही होता. तिकीट छापून झाले आणि मग घरच्यांनी सांगितलं की अहो, हा बिल नव्हेच, हा त्याचा भाऊ बेन. जुन्या फोटोखाली कुणीतरी चुकीचं नाव लिहिलं होतं आणि ते तसंच पुढे चालत आलं होतं. खात्यानं तिकीट मागे घेतले, नवे छापले आणि चुकीच्यांपैकी दीड लाख ताव सोडत काढून विकले. मला बेनचं वाईट वाटलं. साठ-सत्तर वर्षं विस्मरणात पडून राहायचं आणि चुकून तिकिटावर यायचं, तेही भावाच्या नावानं. पण निदान त्यांच्या घरात "हा तो नव्हे" म्हणणारं माणूस तरी उरलं होतं.

आता त्या घराविषयी. ज्या घरात हे सगळं ठेवलंय ते घरच मुळात डॉक्टर जस्टिना फोर्ड यांचं. खालच्या मजल्यावर त्यांची तपासायची खोली. मी तिथे गेले तेव्हा खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि जुन्या लाकडाचा, पुस्तकांचा, थोडा फिनेलचा असा वास होता, किंवा फिनेलचा मीच मनानं घातला असेन. जस्टिना 1899 साली शिकागोतून डॉक्टर झाल्या. आपल्या आनंदीबाई फिलाडेल्फियातून पदवी घेऊन निघाल्या त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. 1902 मध्ये डेन्व्हरला आल्यावर त्या परवाना काढायला गेल्या. खिडकीवरच्या कारकुनानं म्हणे त्यांना सांगितलं की तुमच्याकडून फी घेणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतंय, तुम्ही एक तर बाई, वर काळ्या. त्यांनी फी भरली, परवाना घेतला. शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात त्यांना रोग्यांवर उपचार करू देत नसत आणि काळ्या रोग्यांनाही दार बंदच असे. मग त्या घरोघर जाऊ लागल्या. पुढची पन्नास वर्षं.

काळ्या, मेक्सिकन, जपानी, ग्रीक, गोऱ्या गरिबांच्या घरी त्यांनी सुमारे सात हजार बाळंतपणं केली. निरनिराळ्या भाषांतले कामापुरते शब्द त्या शिकल्या होत्या. "कळ आली की जोर दे" हे किती भाषांत म्हणता येत असेल त्यांना! पैसे नसले तर लोक कोंबडी देत, भाजी देत, घोंगडी देत. राज्याच्या वैद्यकीय संघटनेनं त्यांना सभासद करून घेतलं ते 1950 साली. 1952 मध्ये त्या गेल्या. सात हजार माणसं या शहरात त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडली आणि संघटनेच्या कागदोपत्री त्या खऱ्या डॉक्टर झाल्या त्या दोन वर्षांपुरत्या. हे घर मुळात इथे नव्हतं. आरापाहो स्ट्रीटवर होतं, ते पाडायचं ठरलं, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून 1984 साली ते अख्खंच्या अख्खं उचलून चाकांवरून इथे कोपऱ्यावर आणलं. दोन मजली विटांचं घर रस्त्यानं चाललंय आणि लोक फुटपाथवरून बघतायत, हे दृश्य मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पंढरीच्या वाटेवरचा रथच आला डोळ्यांपुढे.

कोंबडी आणि भाजी हे शब्द मात्र घशात अडकले.

खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी एक फोटो आहे. माझ्या बारशाचा, 1962 सालचा. वडिलांचे एक मित्र साताऱ्याहून कॅमेरा घेऊन आले होते. सोप्यात सगळे ओळीनं उभे. आजी मधोमध, नाकात नथ, मांडीवर मी. काकू, आत्या, शेजारणी. आणि फोटोच्या अगदी कडेला, पायरीच्या खाली, अर्धी कापली गेलेली एक बाई. तिचा एक खांदा, अर्धा चेहरा आणि हिरव्या बांगड्यांचा हात एवढंच आलंय. ती सुईण. मांगवाड्यातली. मला तिनं जगात आणलं, माझ्याआधी दोन भावांना, त्याआधी आत्याला. नाळ तिनं कापली, तिनं पुरली. आईचं पोट बांधलं, मला शेकलं, दहा दिवस दोघींना न्हाऊ घातलं. बाराव्या दिवशी तिला शिधा, नारळ आणि खण दिला, तो पायरीवर ठेवून. ती परसदारानं यायची. तिच्या हातांनी आईला आणि मला वाटेल तिथे शिवायचं, पण तेच हात माठाला लागता कामा नयेत. ती गेल्यावर आजी खोली सारवून घ्यायची. आजी दुष्ट नव्हती, प्रेमळ होती, आणि हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा खोडलं आणि परत लिहिलं. दुष्ट नसलेल्या माणसांनी हे सगळं किती नीटनेटकं केलं!

तिचं नाव मला माहीत नाही. घरात तिला सुईणबाई म्हणत.

मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे तो धडा मी जरा छाती पुढे काढूनच शिकवायची. 'गुलामगिरी' 1873 साली प्रसिद्ध झाली आणि ती अर्पण केली आहे ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. एका मार्काचा प्रश्न. अर्पणपत्रिका कोणास उद्देशून आहे? मुलं धडाधड उत्तर लिहायची, मी बरोबरची खूण करायची. मुक्त झालेल्यांचं पुढे काय झालं, ते सकाळी उठून कुठे गेले, हे एकाही मुलानं विचारलं नाही. मुलांना कशाला बोल लावू, मीही विचारलं नव्हतं.

त्यातली एक सेंट्रल सिटी नावाच्या गावात कपडे धूत होती. डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात सोन्याच्या खाणी लागल्या तेव्हा, 1859 साली, क्लारा ब्राउन एका गाड्यांच्या तांड्याबरोबर स्वयंपाक करत इकडे आली. वय साठीच्या घरात. जन्म गुलामगिरीतला, नवरा आणि मुलं वेगवेगळ्या धन्यांना विकली गेलेली. स्वतः स्वतंत्र झाल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट, धाकटी एलायझा जेन कुठे आहे. खाणकामगारांचे मातीनं कडक झालेले कपडे ती धुवायची, पैसे साठवायची, त्यातून जमिनी घेतल्या, अडल्यानडल्याला घरात घेतलं, आणि जो जो भेटेल त्याला विचारत राहिली, अशी अशी मुलगी पाहिलीत का. जोतीराव पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा ती विचारतच होती. मुलगी सापडली 1882 मध्ये, आयोवात. ताटातुटीला जवळजवळ चार तपं उलटली होती. क्लारा ऐंशी ओलांडलेली, मुलगी स्वतः म्हातारपणाकडे झुकलेली. ओळख कशी पटली असेल? आईनं तिला शेवटची पाहिली ती लहान पोर. क्लाराचा एक फोटो आहे. डोक्याला फडकं, तोंड घट्ट मिटलेलं, नजर समोर. तिच्यापुढे मी बराच वेळ उभी होते आणि या वेळी काही विचारलं नाही.

सगळंच मनाला पटत होतं असंही नाही. एका भिंतीवर फौजेच्या निळ्या कोटातल्या काळ्या सैनिकांचे फोटो होते. 1866 साली सरकारनं त्यांच्या पलटणी उभ्या केल्या. नववी आणि दहावी घोडदळाची. बफेलो सोल्जर्स. शूर, शिस्तीचे, पळून जाण्याचं प्रमाण गोऱ्या पलटणींपेक्षा कमी. त्यांचा अभिमान वाटावा असं खूप आहे. पण त्यांना पाठवलं कुणावर, तर इथल्या मूळ रहिवाशांवर. कालपर्यंत ज्याला कुणी माणूस मानलं नाही त्याच्या हाती बंदूक देऊन दुसऱ्या कुणाला तरी जमिनीवरून उठवायचं. मी त्या बाईंना हे विचारलं, जरा चाचरतच, कारण एक प्रश्न अंगाशी आला होता. त्या म्हणाल्या, "हो, ते पण आमचंच आहे. जे छान दिसतं तेवढंच भिंतीवर लावलं तर मग सिनेमात आणि आमच्यात फरक काय?" महारांच्या, मांगांच्या, रामोशांच्या लढाईतल्या पराक्रमाच्या गोष्टी मी वर्गात सांगितल्यात, कुणासाठी आणि कुणाविरुद्ध याचे तपशील बेतानं सांगत. ते मला आठवलं.

शनिवारी मी मुलाला म्हटलं, एस्टिस पार्क नको, डिअरफील्डला ने. तो म्हणाला, हरणं बघायची का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण यातलं डिअर म्हणजे लाडकं, जिव्हाळ्याचं. गाव वसवताना वेस्टब्रुक नावाच्या डॉक्टरांनी सुचवलेलं नाव. डेन्व्हरपासून ईशान्येला ग्रीली, आणि ग्रीलीच्या पूर्वेला हमरस्त्यालगत हे गाव. ग्रीलीजवळ गाडीच्या काचा वर असूनही गोठ्याचा वास आत शिरला. सुनेनं नाकाला रुमाल लावला. मी मात्र कित्येक महिन्यांनी खोल श्वास घेतला. मग वास मागे पडला आणि सपाट, पिवळं, वाऱ्यानं एका अंगावर झोपलेलं गवत सुरू झालं. झाडं नदीच्या बाजूलाच काय ती. बाकी आमचा माणदेश, फक्त टेकड्या काढून घेतलेला.

1910 साली ऑलिव्हर तूसाँ जॅक्सन यांनी इथे काळ्या शेतकऱ्यांचं गाव वसवायला घेतलं. डेन्व्हरला गव्हर्नरच्या कचेरीत निरोप्याचं काम करणारा हा माणूस. सरकार जमीन देत होतं, कसून दाखवा आणि घ्या. पण ओलिताची चांगली जमीन आधीच गेलेली, राहिलं ते हे कोरडवाहू. पहिल्या हिवाळ्यात सात कुटुंबं होती आणि लाकडी घरं दोनच. बाकीचे तंबूत किंवा टेकडीच्या पोटात खणलेल्या बिळांत. जळणाला वाळलेलं शेण आणि सेजब्रशची काटक्यांची झुडपं. घोडे उपासमारीनं मेले, जे जगले त्यांच्यात गाडी ओढायचं त्राण नाही. बाप्ये शेजारच्या शेतांवर मजुरी करायचे, बायका डेन्व्हरला जाऊन लोकांच्या घरी रांधायच्या. आणि तरी गाव उभं राहिलं. मका, बीट, कलिंगडं पिकली. 1920 च्या सुमाराला दोन-तीनशे माणसं होती, चर्च होतं, शाळा होती, नाचाचा हॉल होता. पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे भाव पडले, पावसानं पाठ फिरवली, आणि 1930 च्या दशकात वरची मातीच वाऱ्याबरोबर उडून गेली. 1940 मध्ये गावात माणसं राहिली होती बारा. जॅक्सन 1948 ला गेले.

आता दोन-तीन पडकी लाकडी घरं आहेत. फळ्या उन्हानं राखाडी, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. इथली बरीच जागा त्या डेन्व्हरच्या संग्रहालयाच्याच मालकीची आहे. रस्त्यावरून मोठे ट्रक धडधडत गेले की फळ्या थरथरतात. मुलगा मोबाइलवर फोटो काढत होता. "इथे पाऊस किती पडतो बघ," असं म्हणून त्यानं आकडा शोधला आणि मान हलवली, "यांनी इथे कलिंगडं लावली?" मी म्हटलं, तुझ्या पणजोबांनीही लावली होती, कुळकायद्याच्या आधी, दुसऱ्याच्या रानात. त्याला हे माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. परत येताना बराच वेळ कुणी बोललं नाही, मग ग्रीलीचा वास आला आणि सगळे हसलो.

त्या रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, मी गावाला फोन लावला. आत्या नव्वदीच्या पुढे आहे. ऐकू कमी येतं, पण आठवण तल्लख. व्हिडिओवर तिला फक्त स्वतःचं कपाळ दिसेल असा फोन धरायची सवय आहे. मी विचारलं, "आत्या, माझ्या बारशाच्या फोटोत कडेला सुईण आहे बघ. तिचं नाव काय गं?"

"सुईणबाई."

"अगं, नाव."

"तिला काय नावानं हाक मारायची येळ कवा आली? दारात गेलं की ती निघायची." मग कपाळावर आठ्या दिसल्या. कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. बऱ्याच वेळानं तिनं एक नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी. मी ते इथे लिहीत नाही. तिची नातवंडं गावात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय मी कोण लिहिणार. पण ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी मुलाला झोपेतून उठवून सांगायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी आत्यानं आपणहून फोन करायला लावला. "काल सांगितलं ते न्हवं गं. ती तिची जाऊ. ती पण यायची कवाकवा. हिचं नाव…" आणि दुसरं नाव सांगितलं. मग पुन्हा जराशी गप्प झाली. "का हिचं ते आन् तिचं हे? थांब. धाकट्या भावाच्या येळंला कोण आलं हुतं…" मला बेन पिकेट आठवला. आत्याला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

फोटो भावाकडे, गावच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात आहे. मी त्याला म्हटलं, चौकटीतून बाहेर काढ, मागच्या बाजूला दोन्ही नावं लिही, आणि येत्या रविवारी तिच्या घरी जाऊन विचारून ये. तो म्हणाला, "एवढी घाई कसली? साठ वर्षं कुणी विचारलं नाही." पण गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला, खिळे काढल्याचा, जुन्या पुठ्ठ्याचा. धूळ उडाली असणार, कारण तो दोनदा शिंकला. फोटोची मागची बाजू त्यानं कॅमेऱ्यापुढे धरली. पिवळट, कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली, आणि अगदी कोरी.

"ताई, पेनानं लिहू का पेन्सिलीनं?"

पेन्सिलीनं, म्हटलं.